आबांचा पाऊण इंची पाईप

फोन आला तेव्हा माझ्या हातात गन होती. गन म्हणजे हवेवर चालणारं, चाकाचे नट खोलायचं आणि आवळायचं यंत्र. ट्रकवाले त्याला गनच म्हणतात. मागच्या चाकाचे दहापैकी सहा नट आवळून झाले होते आणि त्या आवाजात मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान दत्ता, खुर्चीतून उठून समोर येऊन उभे राहिले आणि नुसता हात वर केला. मी गन थांबवली. "आबा गेले," ते म्हणाले. "आत्ता, तासाभरापूर्वी." मी मान हलवली आणि उरलेले चार नट आवळले. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल, पण अर्धं आवळलेलं चाक सोडून उठायचं नाही हे मला आबांनीच शिकवलं होतं. मग मी गन जागेवर टांगली, बाजूच्या जुन्या टायरावर बसले आणि मोठ्यानं रडले. ड्रायव्हर तेलंगणातला होता, त्याला काही कळेना. त्यानं आपल्या केबिनमधली पाण्याची बाटली आणून माझ्यापुढं ठेवली.

आज त्याला सव्वा महिना झाला. जळकोटच्या अलीकडं हमरस्त्याला लागून आमचं टायरचं दुकान आहे. ते आज माझ्या हातानं चालतं आहे, ते या माणसामुळं. हे त्यांच्या हयातीत मी त्यांना कधी धड सांगितलं नाही. सांगायला गेलं की ते म्हणायचे, "बास कर, हवेच्या टाकीतलं पाणी काढलंस का आज?" आणि विषय संपायचा. आता त्यांना मधेच तोडता येणार नाही, म्हणून लिहिते.

आबा म्हणजे ह्यांचे चुलते. उभी हयात सोलापुरात एका कारखान्यात फिटर होते, तेही हवेच्या लाइनीचे. कारखान्यात हवा एका जागी दाबून भरतात आणि पाईपांतून सगळ्या यंत्रांना पोचवतात. ती वाटेत कुठं गळते, कुठं अडते, हे शोधायचं काम त्यांचं. हातात साबणाच्या पाण्याचा डबा आणि ब्रश घेऊन ते तीस वर्षं पाईपांच्या कडेकडेनं चालले. निवृत्त होऊन गावी आले, पण कान काही निवृत्त झाला नाही. माझ्या नणंदेच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन बस निघाली तेव्हा नळदुर्गच्या घाटात आबांनी गाडी थांबवायला लावली. मागं कुठंतरी हवा सुटते आहे, ब्रेकला धोका आहे, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हर वैतागला, बायका वैतागल्या, नवरदेवाच्या मामाचे तर फोनवर फोन. आबा मात्र नवं धोतर सावरत गाडीखाली घुसले आणि एक सैल जोड आवळूनच बाहेर आले. अक्षतांना आम्ही कसेबसे पोचलो. तेव्हापासून घरात म्हण पडली होती की आबांना मुहूर्त ऐकू येत नाही, गळती ऐकू येते. ते ऐकून स्वतः आबाच सगळ्यात जास्त हसायचे.

आमच्या दुकानावरचं संकट मात्र हसण्यासारखं नव्हतं. ह्यांची कंबर गेली. मणक्यातली चकती सरकली आणि डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही असं बजावलं. तोवर ट्रकचे नट आम्ही हातानं खोलायचो. पान्याला लांब लोखंडी नळी अडकवायची आणि त्या नळीवर उभं राहून अंगाचा भार टाकायचा. ह्यांचं वजन त्या कामाला पुरायचं, माझं पुरत नव्हतं. घरात ठरत आलं की दुकान दुसऱ्या कुणाला चालवायला द्यावं. मी म्हटलं, मी चालवते. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. पण मी पंक्चर काढत होते, ट्यूब बसवत होते, फक्त नट तेवढे अडत होते... आणि नटांसाठी तर गन असते. आम्ही गन घेतली, मोठी, ट्रकसाठीचीच. हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर होताच. राहिला पाईप, तो माझ्या माहेरून आला.

माझे वडील, अण्णा, यांची कळंब तालुक्यात द्राक्षबाग होती. वय झालं तशी त्यांनी बाग काढली. फवारणीचा पिवळा पाईप, चांगला शंभर मीटर, अगदी नव्यासारखा ठेवलेला, तो त्यांनी वेटोळं करून टेम्पोत घातला आणि स्वतः घेऊन आले. "लई दाब सोसतोय ह्यो," म्हणाले, "तुझ्या हवेला काय हुतंय!" त्यात चूक काही नव्हती, दाब तो खरंच सोसत होता. हाताला जाड, मजबूत. आम्ही तो तोडला नाही, तोडायचा जीवच होत नव्हता; अख्खं वेटोळं खांबाला टांगलं आणि लागेल तेवढं टोक ओढून गनला जोडलं. त्याच साली दिवाळीच्या आधी अण्णा गेले.

आणि गन काही नट खोलीना. आवाज जोरदार, भिरभिर फिरायची, पण नटावर लावली की दोन ठोके देऊन गप्प. टाकीवरचा काटा सवाशे पाउंड दाखवायचा, म्हणजे हवा भरपूर. आम्ही गनमध्ये तेल घातलं, गन बदलून आणली, कॉम्प्रेसरचा दाब आणखी वाढवला तर तोच तापून बंद पडला. उमरग्याच्या एका मेकॅनिकनं सांगितलं, कॉम्प्रेसर कमी पडतो, दुप्पट मोठा घ्या. ड्रायव्हर लोकांना तर आयतंच फावलं. एक जण म्हणाला, "वहिनी, गन बी तुमच्यासारखीच नाजूक निघाली की." मी हसले, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ट्रक थांबायचा, गन हरायची, आणि ट्रक पुढच्या दुकानाकडं निघून जायचा. मी बाई म्हणून जमत नाही, असंच सगळ्यांनी धरलं. खरं सांगायचं तर मीही तसंच धरायला लागले होते.

अशात एके दिवशी आबा आले. ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या, एक ट्रक जॅकवर होता आणि माझी गन नटावर नुसती भिरभिरत होती. आबांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. खांबावरचं वेटोळं बघितलं, दोन बोटांत पाईप दाबला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यो भिकार पाईप आधी काढून फेका. सगळा घोटाळा ह्याचाच हाय."

आज लिहिताना मला माझी लाज वाटते. पण तेव्हा डोळ्यांपुढं अण्णा आले, टेम्पोतून ते वेटोळं छातीशी धरून उतरवणारे. सासरच्या माणसानं, सासूबाईंच्या समोर, माझ्या मेलेल्या बापाच्या वस्तूला भिकार म्हणावं! "आबा," मी म्हटलं, "माझ्या बापानं दिलाय तो. तुमच्याकडनं काय आलं का दुकानाला? मग नावं कशाला ठेवता?" सुनेनं चुलत सासऱ्याला असं बोलायचं नसतं, आमच्याकडं तर नसतंच. सासूबाई उठून आत गेल्या. आबा आल्या पावली परत गेले. मी त्यांना चहाही विचारला नाही.

पुढचे आठ दिवस मी हट्टानं त्याच पाईपावर गन चालवली. आठव्या दिवशी कांद्यानं भरलेला ट्रक आला. आठ नट मी रडतखडत खोलले, शेवटचे दोन हलेनात. ड्रायव्हर चुळबुळायला लागला. आमचे हे खाटेवरून बघत होते. मी नको नको म्हणत असताना हे उठले, लोखंडी नळी पान्याला लावली आणि तिच्यावर उभे राहिले. नट सुटला. त्यांची कंबर मात्र तिथल्या तिथं धरली, आणि त्यांना त्या ड्रायव्हरनं आणि मी उचलून आत नेलं. त्यानंतर कुणी मला विचारलंच नाही. ह्यांच्या मावसभावाला निरोप गेला की रविवारी येऊन दुकान बघून जा, पुढच्या महिन्यापासून तूच चालव. मला भांडायला तोंड उरलं नव्हतं. माझ्या हट्टापायी माझ्या नवऱ्यानं पुन्हा अंथरूण धरलं होतं.

शुक्रवारी आबा परत आले. या वेळी चपला काढल्या, ओट्यावर मांडी घातली आणि म्हणाले, "पोरी, चा टाक." मी चहा दिला. पाईपाकडं त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही. विचारलं ते अण्णांबद्दल. "बाग किती हुती गं तुझ्या वडलांची?" मी सांगितलं. "मांडव लोखंडी का दगडी खांबाचा? फवारायला पंप कंचा हुता?" मी उत्तरं द्यायला लागले ती थांबेचना. पहाटे औषध कालवताना ते तोंडाला माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायचे. फवारणी झाली की रोज पाईप धुवून, पुसून, सावलीत वेटोळं करून ठेवायचे, आणि आम्हां भावंडांपैकी कुणी त्यावर पाय दिला की पाठीत धपाटा बसायचा... अण्णा गेल्यापासून मला त्यांच्याबद्दल एवढं कुणी विचारलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसत बोलत राहिले. आबा दुसरा कप चहा पीत ऐकत राहिले.

मग ते म्हणाले, "त्या माणसानं पाईप लई निगुतीनं ठिवलाय. कुठं चीर न्हाय, कुठं गळती न्हाय. आता मला अर्धा तास दे. पटलं न्हाय तर म्या पुन्यांदा तोंड उघडनार न्हाय." पिशवीतून त्यांनी दाब मोजायचा एक लहान काटा काढला. काच एका कडेनं तडकलेली होती. तो काटा त्यांनी गन आणि पाईप यांच्या मधे जोडला. "टाकीवर किती?" मी बघून सांगितलं, सवाशे. "आन् हितं?" इथंही सवाशेच. मी त्यांच्याकडं जरा विजयानंच बघितलं असेन. "आता चाप दाब," आबा म्हणाले, "आन् गनकडं बघू नगंस, काट्याकडं बघ." मी चाप दाबला. काटा धाडकन पन्नासाच्या खाली आला. चाप सोडला, परत सवाशे. पुन्हा दाबला, पुन्हा खाली. टाकीवरचा काटा मात्र जवळपास जागेवरच होता. पाच-सहा वेळा मी हेच केलं.

"हवा बसलेली असली की दोन्हीकडं सारखीच दिसती," आबा सांगत होते, "तिला कुठं जायाचंच नसतंय. चालाय लागली की मग वाटंत घासती, दमती. वाट जेवढी लांब आन् जेवढी बारीक, तेवढं गनपातुर कमी पोचतंय. तुळजापूरला नवरात्रात बघतीस का न्हाय, मैदानात दहा हजार मान्सं आसली तरी दर्शनाच्या बारीतनं एकामागं एकच जातंय! मागनं किती बी रेटा, काय उपेग?" मी म्हटलं, "पण आबा, पाईप तर एवढा जाड आहे." त्यांनी टोकाचा जोड काढून पाईपाचं तोंड माझ्यापुढं धरलं. "बाहेरनं जाड. आत करंगळी घालून बघ." करंगळी गेली नाही. दाब सोसायला भिंत जाड, आणि आत वाट साडेआठ एमएमची. फवारणीला तेवढी पुरते, कारण औषध थोडं थोडंच जायचं असतं. या मोठ्या गनला मात्र एका दमात भरपूर हवा लागते, आणि आम्ही ती शंभर मीटरच्या बारीक नळीतून, खांबाला वीस वेढे घालून आणत होतो. मधले जोडही तसलेच बारीक. तिच्यात ताकद राहणार कशी?

आबांनी सोबत एका जाड पाईपाचा दोन हातांचा तुकडा आणला होता, त्यांच्या जुन्या सामानातला. तो त्यांनी थेट टाकीला लावला, दुसऱ्या टोकाला काटा आणि गन. एक जुनं चाक ढकलत टाकीपाशी आणलं, त्याच्या मधल्या लोखंडी तबकडीच्या भोकात बोल्ट घातला आणि पान्याच्या लोखंडी नळीवर उभं राहून मला नट आवळायला लावला. "आता खोल," म्हणाले. मी चाप दाबला. काटा शंभराच्या आसपास थांबला आणि नट सुटून माझ्या पायाशी पडला. तेच यंत्र, तोच कॉम्प्रेसर, त्याच बाईचे हात! मी तो नट उचलून पुन्हा आवळला, पुन्हा खोलला... किती वेळा, ते आठवत नाही. आबा ओट्यावर बसून उपरण्यानं वारा घेत होते.

शनिवारी ते सोलापूरला गेले आणि दहा मीटर पाऊण इंची पाईप आणि त्याला साजेसे रुंद जोड खांद्यावर टाकून गाडीनं परतले. रविवारी मावसभाऊ आला तेव्हा योगायोगानं ऊस वाहणारा एक ट्रक पंक्चर होऊन उभा होता. कुणी काही बोलायच्या आत मी जॅक लावला आणि गन घेतली. दहा नट, दोन-तीन मिनिटांत. मावसभावानं चहा घेतला, ह्यांच्या कंबरेची चौकशी केली आणि दुकानाचा विषय न काढता मोटरसायकलला किक मारली. आत खाटेवर हे उताणे पडून हसत होते, हसलं की कंबर दुखायची, तरी हसत होते.

पण त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त आठवणारी गोष्ट नटांची नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग त्यो पिवळा पाईप भंगारात टाकावा आता." मी वेटोळ्यावर नुसता हात ठेवला. मी आधीच पुष्कळ बोलून बसले होते. आबांनी मान वर केली. "वहिनी, असं कसं? टायरात हवा भराया असला पाईप दुकानात मिळत न्हाय. हवा भरायला घाई नसती, बारीक वाट चालती. आन् ट्रकच्या पार दुसऱ्या टोकाला पोचाया लांबच पायजे. व्याह्यांनी इचार करूनच दिलाय." अण्णांनी असा काही विचार केला नव्हता, हे आबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं गरजेपुरता पाईप कापला, त्याला हवा भरायची तोटी बसवली आणि राहिलेलं वेटोळं नीट बांधून मला दिलं. आजही दुकानात प्रत्येक चाकात हवा अण्णांच्याच पाईपातून जाते.

पुढं नऊ वर्षं आबा आठवड्यातून एकदा येत राहिले. कौतुक कधी केलं नाही. आल्या आल्या टाकीखालचा कॉक उघडून हवेच्या ओलीनं साठलेलं पाणी निघतं का बघायचे, निघालं की मला झापायचे. कुणीतरी पाईपाला उगाच एक जोड वाढवला होता, तो दिसल्यावर दोन खेपा माझ्याशी अबोला धरला. एकदा घरी निघताना तडकलेल्या काचेचा तो काटा माझ्या हातात देऊन म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. मला आता कोन बोलीवतंय?" तालुक्यातली टायरवाली बाई म्हणून लोक मला ओळखायला लागले, दुसरे दुकानदार अडचण विचारायला फोन करू लागले, तेव्हा मी आबांचं नाव सांगायचे. ते शेजारी बसलेले असले की तोंड फिरवून रस्त्याकडं बघायचे.

गेल्या वर्षी त्यांची छाती भरायला लागली. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं, आणि नाकाला लावलेली बारीक नळी लांबवून अंगणातल्या बाजेपर्यंत नेली होती. शेवटची भेटले तेव्हा मी ती नळी बघितली आणि सवयीनं म्हणून गेले, "आबा, लई बारीक आणि लई लांब आहे हो ही." बोलायचे कष्ट होत होते, तरी ते हसले. "असू दे," म्हणाले, "मला आता कुठं ट्रकचे नट खोलायचेत..."

दहाव्यानंतर मी काकींना, म्हणजे आबांच्या बायकोला, भेटायला गेले. बोलता बोलता मी त्या जुन्या भांडणाचा विषय काढला आणि म्हटलं, काकी, मी त्यांची माफी मागितली नाही कधी. काकी म्हणाल्या, "त्याच दिवशी तुझ्याकडनं आले ते जेवले न्हाईत बघ. म्या इचारलं, काय झालं? तर म्हनले, माझंच चुकलं. म्या पाईप बघितला, पोरीचं तोंड न्हाय बघितलं." मला हे माहीतच नव्हतं. आठ दिवस मी त्यांना मनात शिव्या देत होते आणि ते तिकडं स्वतःची चूक शोधत बसले होते.

मागच्या आठवड्यात येडशीहून एकाचा फोन आला. टायरचं नवं दुकान, गन नट खोलत नाही, टाकी तर भरलेली दिसते. ह्यांना दुकानात बसवून मी काटा पिशवीत टाकला आणि गेले. दुकानात पाय ठेवताच दोष दिसला. हिरवा, लांबलचक, बारीक पाईप, मधे चार जोड. काटा लावायचीसुद्धा गरज नव्हती. तो पन्नाशीचा माणूस माझ्याकडं आशेनं बघत होता, आणि "हा आधी काढून टाका" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात मी त्याच्याकडं नीट बघितलं. पाईपाचं टोक त्यानं दोन्ही हातांत धरलं होतं आणि अंगठ्यानं त्यावरची धूळ पुसत होता.

"पाईप लई जपलेला दिसतोय," मी म्हटलं. "कुणी दिला?"

"थोरल्या भावानं," तो म्हणाला. "गेला त्यो दोन वर्सांमागं."

मी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "दादा, आधी चहा सांगा. काय करायचे तुमचे भाऊ?"